बाबांना १९८७ ची मॅच पाठ आहे, पण सकाळचा चहा आठवत नाही. आठवणी डोक्यात राहतात तरी कशा?

बेझनबागवाला:

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचलात तर उत्तर द्या.

माझे बाबा ७६ वर्षांचे. सारी नोकरी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, सूतकताईच्या रिंग खात्यात. २००२ मध्ये मिल बंद पडली तेव्हा घरी बसले. साखर नाही, बीपीची एक गोळी, चालणं अजून माझ्यापेक्षा भरभर. पण वर्षभरापासून विसरणं वाढून राहिलं आहे. सकाळी चहा घेतात, कप स्वतः नेऊन मोरीत ठेवतात आणि अर्ध्या तासाने आईला म्हणतात, "अवं, आज चहा नाही का?" आई म्हणते, झाला न आत्ता. मग ते मोरीत जाऊन बघून येतात. कप ओला दिसतो म्हणून मान्य करतात. प्यायल्याचं काही त्यांना आठवत नाही.

आता याच माणसाची दुसरी बाजू. १९६९ मध्ये मिलमध्ये पहिल्या दिवशी कोणत्या जॉबरने (मुकादमाने) कोणत्या मशीनवर उभं केलं, तो तंबाखूची डबी कोणत्या खिशात ठेवायचा, दुसऱ्या पाळीचा भोंगा झाल्यावर फाटकावर कोण कोण भेटायचं, सगळं सांगतात, आणि दर वेळी तेच सांगतात. बोटांचं तर काय सांगू. आई देवाच्या वाती वळत असते, सूत तुटतं. बाबा तिच्या हातातून घेतात, दोन टोकं अंगठा आणि पहिल्या बोटात धरतात, एक पीळ, एक हलका ताण, झालं. जोड कुठे आहे ते मला चष्मा लावूनही सापडत नाही. हे करताना त्यांचं लक्ष टीव्हीकडे असतं.

तिसरं प्रकरण मॅचचं. ३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए ग्राउंड, वर्ल्ड कप, भारत विरुद्ध न्यूझीलंड. लहानपणापासून ऐकत आलो: गावस्करने सेंच्युरी ठोकली, मग शेवटी चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली आणि आपण जिंकलो. बाबा सांगतात, मी उन्हात बसून डोळ्यांनी पाहिलं. काका म्हणतो, "तू कुठं गेला होता बे? तुही दुसरी पाळी होती, आपण मिलच्या बाजूच्या पानठेल्यावर रेडिओ ऐकला." दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात. गेल्या पोळ्याला यावरून जेवता जेवता भांडण झालं.

माझी पोरगी अकरावीत आहे. तिने विचारलं, "बाबा, आबाजींच्या डोक्यातली जागा भरून गेली का? म्हणून नवीन आत जात नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतो. आठवण मेंदूत नेमकी कुठे आणि कशी राहते? एकदा बसली की कायमची का? आणि आम्ही सगळे दिवसभर त्यांना "हे आठवतं का, ते आठवतं का" विचारत असतो, ते चांगलं की वाईट?


तर्री_पोहा:

भाऊ, जागा भरायचा सवालच नाही. माणूस मेंदूचा १० टक्केच वापर करतो असं वाचलं आहे, बाकी सारा रिकामा. आणि एकदा आत गेलेलं काही पुसत नाही, फक्त सापडत नाही. परदेशात एका डॉक्टरनं मेंदूला करंट लावला तर पेशंटला जुनं गाणं ऐकू आलं होतं. माह्या आजीचं बी असंच होतं. शेवटी शेवटी आम्हाला ओळखे नाही, पण जात्यावरच्या ओव्या अख्ख्या म्हणे. म्हणजे सारं आत असतंच न बापा. संमोहनवाले तर मागचा जन्म बी काढून देतात म्हणे, खरं खोटं देव जाणे.


निवृत्त_जीवशास्त्र:

तर्री_पोहा भाऊ, आजीच्या ओव्या खऱ्या, त्यांच्याकडे येतो. १० टक्के मात्र आजच सोडून द्या. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवत होतो, दरवर्षी कोणीतरी हे विचारायचंच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण नुसतं बसून असतानाही शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. नव्वद टक्के रिकामा बसणारा अवयव कुठलं शरीर पोसेल?

करंटवाले डॉक्टर म्हणजे माँट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड. फिट्सच्या रुग्णांची ऑपरेशनं ते रुग्ण जागा ठेवून करत आणि मेंदूच्या पृष्ठभागावर हलका विद्युतप्रवाह देऊन कोणता भाग काय करतो ते पाहत. काही जणांना आवाज ऐकू आले, प्रसंग दिसले. त्यावरून पेनफिल्डना वाटलं की सगळं आयुष्य आत नोंदलेलं आहे. पण असं घडलं ते थोड्याच रुग्णांत, आणि त्यातलंही बरंचसं स्वप्नासारखं होतं. ते प्रसंग खरंच घडले होते का, हे कोणी पडताळून पाहिलं नव्हतं. तेव्हा "सारं आत असतं" याला तो पुरावा धरता येत नाही.

आता बेझनबागवाला, तुमच्या पोरीला सांगा की जागा भरलेली नाही. नवीन आत बसवणारा भाग कमजोर झाला असावा. असा वेगळा भाग असतो हे खात्रीने सांगता येतं ते एका माणसामुळे. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचं फिट्ससाठी ऑपरेशन झालं. सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. कानाच्या पातळीला, आतल्या अंगाला असलेला हा भाग, लांबी चार-पाच सेंटिमीटर. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, बालपणही आठवत होतं. पण नवी घटना टिकेना. ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या आणि त्याच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच. २००८ मध्ये तो वारला, तोवर हे असंच चाललं. तुमच्या बाबांची अवस्था इतकी टोकाची नाही, पण चहाच्या कपाचा प्रकार याच वळणाचा आहे: कप ठेवला तेव्हा सगळं कळत होतं, फक्त ते पुढे जाऊन पक्कं झालं नाही.

याच मोलेसनला मिल्नरबाईंनी आणखी एक काम दिलं होतं. कागदावर चांदणीची दुहेरी रेघ, आणि हात थेट न बघता आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून पाहा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. तीन दिवसांत त्याचा हात साफ झाला. आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलेलं नाही! हाताचं कसब हिप्पोकॅम्पसवर अवलंबून नसतं हे त्या दिवशी कळलं. त्याचा कारभार लहान मेंदू आणि मेंदूच्या खोलातल्या बेसल गँग्लिया नावाच्या गाठी बघतात. बाबांचं सूत सांधणं तिथलं. तीस-बत्तीस वर्षं दर पाळीत तेच केल्यावर ते टीव्ही बघता बघता होणारच. ओव्या आणि गाणीही बऱ्याच अंशी अशीच टिकतात, चाल आणि शब्द एकमेकांना ओढत आणतात. आजीला "तिसरी ओवी सांगा" म्हटलं असतं तर जमलं नसतं, पहिलीपासून सुरू केलं की तिसरी येणारच.

मग आठवण "असते" कुठे? एका कप्प्यात नसते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांच्यात जोडण्या, म्हणजे सायनॅप्स. एखादा प्रसंग घडतो तेव्हा पाहण्याच्या भागातल्या काही, ऐकण्याच्या भागातल्या काही, वासाच्या, भीतीच्या, अशा विखुरलेल्या पेशी एकदम पेटतात. एकदम पेटलेल्यांच्या आपसातल्या जोडण्या मजबूत होतात. डोनाल्ड हेब यांनी हे १९४९ मध्ये तर्काने मांडलं. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवलं. एरिक कँडेल यांनी अप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर आयुष्य घातलं. तिच्या चेतासंस्थेत पेशी जेमतेम वीस हजार, त्याही मोठ्या, त्यामुळे कोणती जोडणी बदलली ते दिसतं. त्यांना असं आढळलं की थोड्या वेळाच्या आठवणीला आहे त्या जोडणीत रासायनिक बदल पुरतो. दिवसांच्या आठवणीला मात्र पेशीच्या केंद्रकातली जनुकं चालू व्हावी लागतात, नवी प्रथिनं बनतात आणि जोडण्या खरोखर वाढतात. २००० सालचं नोबेल त्यांना यात वाटून मिळालं.

इथे वर्गात हुशार पोरं एक शंका हमखास काढायची, आणि ती खरोखर अवघड आहे. प्रथिनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत झिजतात, त्यांच्या जागी नवी येतात. मग ज्या मालावर आठवण बसली तोच माल उरला नाही तर १९६९ चा जॉबर बाबांना आज कसा आठवतो? मी त्यांना मारबतीचं सांगायचो. आपल्या नागपूरच्या मिरवणुकीतली मोठी पुतळी, पिवळी मारबत, दरवर्षी नव्याने बनते, नवा बांबू, नवा कागद, नवा रंग. तान्ह्या पोळ्याला "घेऊन जा गे मारबत" करत मिरवत नेतात आणि जाळतात. तरी जगनाथ बुधवारीत कोणालाही विचारा, ही १८८५ पासूनचीच. घडण टिकते, माल बदलत राहतो. जोडणीचंही तसंच, फक्त तिथे बनवणारे कारागीरही रेणूच आहेत, आणि ते घडण कशी सांभाळतात यावर आजही संशोधन चालू आहे.

(योगायोग बघा, १८८५ मध्येच जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी विसरण्याचं पहिलं मोजमाप छापलं. स्वतःवरच प्रयोग, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं होतं. एका दिवसाने साधारण तिसरा हिस्सा उरला, पण महिन्यानेही पाचवा हिस्सा होता. जे जायचं ते आधी भराभर जातं, मग घसरण मंदावते.)

आता जुनं टिकतं आणि कालचं जातं, ते का? हिप्पोकॅम्पस नव्या आठवणीची विखुरलेली टोकं एकत्र धरून ठेवतो. मग झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, ती घटना पुन्हा पुन्हा खेळवली जाते. उंदरांच्या मेंदूत दिवसा चक्रव्यूहात ज्या पेशी पेटल्या त्याच रात्री झोपेत पुन्हा पेटताना पाहिल्या गेल्या आहेत, विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये. असं होता होता महिने-वर्षांत ती आठवण मेंदूच्या बाहेरच्या थरात स्वतःच्या पायावर उभी राहते, हिप्पोकॅम्पसचा आधार कमी लागतो. म्हणून तिथे बिघाड झाला की आधी ताजं जातं. फ्रान्सच्या रिबो यांनी हे १८८१ मध्येच लिहून ठेवलं आहे. त्यात आणखी एक भर: बहुतेक म्हाताऱ्या माणसांना दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. बाबा मिलमध्ये लागले तेव्हा विशी-एकविशीत असतील. पहिली नोकरी, पहिला पगार, आणि नंतर हजारदा सांगितलेलं. टिकायला याहून चांगली सोय नाही.


बेझनबागवाला:

सर, वाचून पोरीने मला सांगितलं, "बघा, जागा भरत नाही!" जणू तिनेच शोधलं. पण मॅचचं काय? काका म्हणून राहिला की बाबा थापा मारतात. बाबांना ते शब्द लागतात. ते आता बोलताना अडखळतात, पण मॅचवर आले की सलग बोलतात.


जुना_सदरकर:

त्या दिवशी मी ग्राउंडवर होतो, तेव्हा स्कोअर तरी बरोबर सांगतो. न्यूझीलंडने आधी बॅटिंग केली, ५० ओव्हरमध्ये ९ बाद २२१. हॅटट्रिक त्याच डावात झाली. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांचेही स्टंप उडाले. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. म्हणजे चेतन आधी, गावस्कर नंतर. मग श्रीकांत आणि गावस्कर असे काही सुटले की विचारू नका. श्रीकांत ७५, गावस्कर ८८ चेंडूंत नाबाद १०३, अझर सोबतीला होता, ३२.१ ओव्हरमध्ये खेळ खलास. गावस्करची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी, तीही अंगात ताप असताना. एवढ्या घाईचं कारणही होतं. रनरेट वाढवून गटात पहिले आलो तर सेमीफायनल मुंबईत, नाहीतर पाकिस्तानात. मॅन ऑफ द मॅच चेतन आणि गावस्कर दोघांत वाटून दिलं.

बाबांना सांगा, जामठा नव्हतं तेव्हा. आमच्या गल्लीत एक जण आहे, तो ही मॅच जामठ्याच्या स्टेडियमवर पाहिल्याचं सांगतो. जामठ्याला पहिली टेस्ट झाली २००८ मध्ये!


निवृत्त_जीवशास्त्र:

सदरकर साहेब, तुमच्या जामठावाल्याने माझं काम सोपं केलं.

बेझनबागवाला, थापा हा शब्द काकांना मागे घ्यायला लावा. बाबांच्या गोष्टीत सेंच्युरी खरी, हॅटट्रिक खरी, मैदान खरं, जिंकणं खरं. क्रम फिरला आहे, आणि तो कोणत्या बाजूला फिरला ते बघा. हॅटट्रिकने सामना संपला असं सांगितलं तर गोष्ट रंगते. इतकी वर्षं सांगता सांगता ती रंगत्या बाजूला सरकली. "पाहिलं" की "ऐकलं" हा भाग तर सगळ्यात कच्चा असतो. घटना राहते, ती कुठून कळली ते आधी निसटतं. रेडिओ, दुसऱ्या दिवशीचा पेपर, नंतर कितीदा टीव्हीवर दाखवलेली क्षणचित्रं, सगळं एकाच आठवणीत जाऊन बसतं. काकांची आठवणही याच कारखान्यातली, म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही. दुसरी पाळी दुपारची असणार आणि मॅच सकाळी सुरू झाली असेल तर अर्धी पाहून बाबा पाळीला गेले असंही होऊ शकतं. त्या वर्षीचं हजेरी कार्ड कुठल्या ट्रंकेत निघालं तरच हा वाद मिटेल.

सांगताना आठवण बदलते हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. २००० मध्ये न्यूयॉर्कला नादर, शाफे आणि लेडू या तिघांनी उंदरांना शिकवलं की एक आवाज झाला की शॉक बसतो. उंदीर आवाजाला जागच्या जागी थिजायला लागले. आठवण पक्की झाल्यावर त्यांनी नुसता आवाज पुन्हा ऐकवला, आणि लगेच अमिग्डाला या भीतीच्या केंद्रात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. नंतर त्या उंदरांची भीती जवळजवळ गेली. ज्यांना आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, त्यांची भीती होती तशीच. म्हणजे आठवण वर काढली की ती काही काळ मऊ पडते आणि पुन्हा नव्याने घट्ट व्हावी लागते. माणसात हे इतकं साफ दाखवणं अवघड आहे, पण परिणाम दिसतो. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच नाइसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे, कोणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा. साधारण चौथ्या हिश्शाच्या पोरांचं एकही उत्तर जुन्या कागदाशी जुळलं नाही, आणि खात्री मात्र जबरदस्त. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण काही परत आली नाही.

आणि ही पोरं विशीतली, धडधाकट. तेव्हा मॅचचा क्रम चुकला म्हणून बाबांच्या आजारात तो मोजू नका. आजाराचं माप चहाच्या कपाने घ्या.

कायमचं काही असतं का? मला विचाराल तर "कायम" आणि "जसंच्या तसं" हे दोन प्रश्न लोक एक करून टाकतात. हॅरी बॅरिक यांनी १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेले शेकडो लोक तपासले, काहींना शिकून पन्नास वर्षं झालेली. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गेलं. पण जे त्यानंतर उरलं ते पुढची पंचवीसेक वर्षं हललं नाही, मधे कोणी उजळणी केली नव्हती तरी. ज्यांनी मुळात जास्त आणि लांबवर शिकलं होतं त्यांचं जास्त उरलं. शब्द, अर्थ, चेहरे, कसब असल्या गोष्टी जन्मभर पुरतात. एखाद्या दुपारचा तपशील तितका टिकत नाही, आणि जो सारखा सांगितला जातो तो टिकतो पण घासून गुळगुळीत होतो. मेंदूतल्या पेशीच मरायला लागल्या तर यातलंही काही राहत नाही. तर्री_पोहा भाऊ, तिथे "सापडत नाही" आणि "उरलं नाही" दोन्ही असतं. २०१६ मध्ये टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्झायमरसारखा आजार दिलेल्या उंदरांत, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, त्या आठवणीच्या पेशींवर प्रकाश टाकून हरवलेली आठवण परत आणून दाखवली. म्हणजे सुरुवातीला काही तरी आत असतं. ते तंत्र माणसासाठी नाही, उगीच आशेला लागू नका.

बॅरिक यांचंच आणखी एक काम तुमच्या शेवटच्या प्रश्नाला लागतं. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांना जुन्या वर्गमित्रांचे फोटो दाखवले तर दहातले नऊ चेहरे ओळखले. पण नुसता फोटो देऊन नाव आठवा म्हटलं की तेवढं जमत नव्हतं. म्हणून "आठवतं का?" हा प्रश्न बाबांना विचारू नका. ती रोजची तोंडी परीक्षा होते, आणि तीत नापास होण्याची लाज माणूस विसरत नाही. उत्तर आधीच हातात द्या: "ही तुमची मावसबहीण, उमरेडहून आली."


सिस्टर_मेडिकलचौक:

दादा, सरांनी मेंदू समजावला, मी फक्त कामाचं सांगते. मी वॉर्डात अशी माणसं रोज पाहते. म्हातारपण आहे म्हणून घरी बसू नका, आणि अल्झायमर असंही स्वतःच ठरवू नका. विसरणं वाढवणाऱ्या काही गोष्टी दुरुस्त होणाऱ्या असतात: बी-१२ कमी असणं, थायरॉइड, सोडियम कमी होणं, मनाची उदासी. ऐकू कमी येत असेल तर बोललेलं आतच जात नाही, मग घरचे म्हणतात विसरले. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्या यांनीही म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं. न्यूरोलॉजीची (मेंदूच्या आजारांची) ओपीडी सुपरला, म्हणजे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला आहे, एम्सला आहे. जाताना बीपीच्या गोळीसकट घरात बाबा घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, नावं सांगत बसू नका. आणि एका कागदावर लिहून न्या की कधीपासून, काय काय विसरतात, पैशाचा हिशेब जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकले का, गॅस चालू राहिला का. डॉक्टर आधी हेच विचारतील, आणि बाबा स्वतः "मला काही नाही झालं" म्हणतील, सगळेच म्हणतात.

अचानक दोन दिवसांत कोणी एकदम भ्रमिष्टासारखं वागायला लागलं तर ते वेगळं. तेव्हा ओपीडीची वाट पाहू नका, लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं असं काही असतं. मे महिन्यात आमच्याकडे असे किती तरी येतात.

मोरीतल्या कपाचं एक करून पाहा. फ्रिजवर पाटी लावा आणि चहा झाला की आईंनी बाबांच्याच हाताने तिथे खूण करून घ्यायची. स्वतःच्या हाताची खूण माणूस मानतो.


बेझनबागवाला:

सिस्टर, पाटी आजच आणली. सुपरला पुढच्या आठवड्यात जाऊन राहिलो. पैशाचा हिशेब जमतो, उलट भाजीवालीला तेच पकडतात. रस्ता एकदा चुकले होते, कडबी चौकाकडे वळायचं ते इंदोऱ्याकडे गेले, ते लिहून घेतलं. हजेरी कार्डासाठी काका स्वतः ट्रंक उपसून राहिला आहे.


तर्री_पोहा:

मास्तर, १० टक्के सोडले. पण संमोहनाचं तुम्ही काही बोललेच नाही. आमच्याकडे एक जण शिबिर घेऊन राहिला आहे, हरवलेल्या आठवणी परत आणतो म्हणे. आणि ते नार्को टेस्ट वगैरे असतं न, त्यात तर खरं बाहेर येतं न?


निवृत्त_जीवशास्त्र:

संमोहनात माणूस जास्त बोलतो, त्यात खऱ्यासोबत बनावटही वाढतं, आणि दोन्हींवरची त्याची खात्री सारखीच वाढते. समोरचा सुचवत असेल तर विचारूच नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये मोठ्या माणसांना, घरच्यांच्या मदतीने, "लहानपणी तू बाजारात हरवला होतास" अशी एक खोटी गोष्ट खऱ्या गोष्टींत मिसळून दिली. संमोहन नाही, काही नाही. तरी साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार आठवू लागली. नार्कोत गुंगीचं औषध असतं, खरं बोलायला लावणारं औषध अजून कोणी बनवलेलं नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या माणसाच्या मर्जीविरुद्ध करायला मनाई केली. शिबिराची फी किती आहे ते तेवढं कळवा.